दोरीला बांधलेला कोळी
टॅरंट्युला हें नांव इटलींतील तारांतो या नगरावरून पडलें. तेथील कोळी डसला असतां बेभान नाचल्यानेंच विष उतरतें, अशी सतराव्या शतकांत लोकांची समजूत होती. पुढें अमेरिकेंतील केसाळ, अजस्र कोळ्यांनाहि तेंच नांव मिळालें. नांवाबरोबर भीतीहि त्यांच्या वांट्यास आली.

परंतु १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हेन्री वॉल्टर बेट्स यांनीं अॅमेझॉनकांठचें निराळेंच दृश्य नमूद केलें आहे. तेथील मूळ रहिवाशांचीं मुलें अशा कोळ्याच्या कमरेस दोरी बांधून त्यास कुत्र्याप्रमाणें घरांत फिरवीत होतीं! विसाव्या शतकांत प्राध्यापक विल्यम बेअर्ग यांनीं आर्कान्सांत हे कोळी वर्षानुवर्षें पाळले. मादी वीस वर्षांहूनहि अधिक जगते, असें त्यांस आढळलें.

या प्राण्याची निगा सोपी आहे. जिवंत किडे, पाण्याची उथळ वाटी आणि कात टाकण्यासाठीं तो पाठीवर पडला असतां त्यास मुळींच न हलविणें, एवढें पुरतें. मात्र ही हौस वाढली तसे मेक्सिकोंतील तांबड्या गुडघ्यांचे कोळी रानांतून बेसुमार पकडले जाऊं लागले. अखेर १९८५ सालीं त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वयें नियंत्रण आलें. मादी प्रौढ होण्यास अनेक वर्षें लागतात. त्यामुळें रानांतील हानि लौकर भरून निघत नाहीं. म्हणून हौस भागवावयाची तर ती बंदिवासांत जन्मलेल्या कोळ्यावरच भागविणें न्याय्य होय.