मूठभर तांदूळ आणि दोन टक्के

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची शेवटची पाने फारसे कोणी वाचत नाही. अध्यक्षांचे मनोगत, कार्यक्रमपत्रिका, बक्षीसपात्र मुलांचे फोटो एवढे चाळून झाले की जाहिराती सुरू होतात आणि तिथे अंक मिटतो. यंदा लेखासाठी विषय शोधताना आम्ही मंडळाच्या कपाटातले जुने अंक काढून बसलो आणि नेमकी हीच पाने उलटत गेलो. खाणवाल्यांच्या पूर्ण पानी शुभेच्छा, बार्जमालक, ट्रकचे सुटे भाग विकणारे, काजूचे व्यापारी अशी रांग वर्षानुवर्षे चालत येते. मग २०१२ नंतरच्या अंकांत ही पाने एकाएकी गळतात. त्यांच्या जागी हळूहळू बिल्डर, बँका आणि हॉटेले येऊन बसतात. खाणी बंद पडल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचली होती; आमच्या खजिनदारांनी ती वर्गणीच्या वहीत वाचली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. धनवंतांच्या पैशावर गोव्यातली शाळा, कॉलेजे, खेळाची मैदाने आणि विशेष मुलांची केंद्रे किती काळ उभी आहेत, आणि त्या पैशाचा ओघ आटला की काय होते?

सुरुवात पेडण्यातून करू, आणि तीही गोव्याबाहेर. मांद्रे गावात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे आपले डॉ. भाऊ दाजी लाड, शिकले ते मुंबईत. एल्फिन्स्टनमधून ते नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि तिथल्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. कॉलेजला लागून जे रुग्णालय उभे राहिले त्याला सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले होते. जीजीभाईंची संपत्ती चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. म्हणजे पेडण्याच्या मुलाला वैद्यक शिकवायला एका व्यापाऱ्याचे दान कामी आले, आणि त्या दानाच्या मुळाशी दुसऱ्या देशाला लागलेले व्यसन होते. दानाचे पैसे येतात कुठून, हा प्रश्न असा जुना आहे. भाऊ दाजींनी पुढे गरिबांना मोफत औषधोपचार केले आणि मुलींच्या शिक्षणासाठी हात सैल सोडला. मांद्र्याला मात्र तसे काही उभे राहायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

कारण उघड होते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत ते पोर्तुगीजांकडे गेले. तिथल्या लोकांचे देव आणि देवळे बहुतांशी राहिली, पण शिक्षणासाठी सरकारने दिले ते पोर्तुगीज भाषेतले. पणजीला १८५४ साली लिसेव निघाले, त्यात जाणे फार थोड्यांना परवडे आणि त्याहून थोड्यांना रुचे. मराठी शिकायचे तर शेणैमामाची शाळा: कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत, धुळीवर बोटाने अक्षरे गिरवत. पुढे शिकायचे तर बेळगाव, सावंतवाडी, मुंबई.

या पार्श्वभूमीवर पणजीत १९०८ साली मुष्टिफंड निघाला. नावातच त्याची रीत आहे. घरातल्या बाईने रोजचा भात शिजायला टाकण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकायचा, आणि जमलेल्या तांदळातून मुलांच्या मराठी शाळेचा खर्च भागवायचा. त्याच १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तोही माणशी एक पैसा गोळा करून. टिळकांच्या त्या काळात सामान्य माणसाच्या अगदी छोट्या वाट्यातून संस्था उभ्या करण्याची हवाच होती. पण पैसा फंडाने कारखाना काढला, पणजीकरांनी परक्या सत्तेखाली शाळा काढली. पुढे १९१० मध्ये लिस्बनला प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरिक म्हणून समान दर्जा मिळाला आणि संस्थांना थोडा श्वास घेता आला. १९११ मध्ये फोंड्याला गोवा विद्याप्रसारक मंडळ निघाले.

मुष्टिफंडाचा आम्ही विचार करतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. या दानात देणाऱ्याचे नाव कुठेच लागत नव्हते. तांदळाच्या मुठीवर कोणी पाटी लावत नाही. शिवाय ती मूठ रोज पडत होती. पीक चांगले आले म्हणून दोन मुठी आणि वाईट आले म्हणून शून्य, असे त्यात नव्हते. घरात चूल पेटली की मूठ पडायची. ते काम बायकांच्या हातचे होते, आणि म्हणूनच की काय, संस्थांच्या इतिहासात त्यांची नावे शोधून सापडत नाहीत.

मोठा पैसा आला तो खाणींतून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोहखनिज हवे होते, आणि ते डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या डोंगरांत होते. मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्ज मुरगावच्या बंदराकडे जाऊ लागल्या. पाच-सहा गोमंतकीय घराण्यांकडे बघता बघता अशी संपत्ती आली की तशी इथे पूर्वी कोणी पाहिली नव्हती. त्या घराण्यांनी तिचा एक भाग शिक्षणात घातला हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तोपर्यंत इथे वैद्यकीय शाळा सोडली तर पदवीपर्यंत नेणारे कॉलेज नव्हते. आणि अवघ्या सहा-सात महिन्यांत, १९६२ च्या जूनमध्ये, पणजीला धेंपे कॉलेज आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झाले. दोन्ही खाणमालकांच्या पैशावर, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. सरकारी यंत्रणा अजून खुर्च्या लावत होती तोवर खासगी धर्मादाय निधीने वर्ग भरवले. पुढे १९६६ मध्ये धेंप्यांचेच वाणिज्य महाविद्यालय आले, सत्तरच्या दशकात साळगावकरांचे लॉ कॉलेज. गोवा विद्यापीठ व्हायला १९८५ उजाडले. आज साठी-सत्तरीत असलेल्या आमच्या सभासदांपैकी कितीतरी जण मिरामारच्या त्या वर्गांतून शिकले आहेत. घरातले पहिले पदवीधर म्हणून त्यांचे फोटो अजून भिंतीवर आहेत.

खाणमालकांतलेच एक, पेडण्यात १९११ साली जन्मलेले दयानंद बांदोडकर, १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. सत्तेत येण्यापूर्वी भाऊसाहेब खिशातून शाळांना आणि विद्यार्थ्यांना मदत करत. सत्तेत आल्यावर त्यांनी गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. दात्याने तिजोरीची किल्ली हाती आल्यावर काय करावे याचे आमच्या माहितीतले हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. ज्या गावांत शेणैमामाही पोचले नव्हते तिथे शिक्षक पोचला, आणि त्याचा पगार कोणा शेटच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही.

डिचोलीची कथा याहून गुंतागुंतीची. ज्या डोंगरांतून पैसा निघाला ते डोंगर इथले. शिरगाव, मये, मुळगाव, पाळी, वेळगे या गावांनी ट्रकांची धूळ खाल्ली, विहिरी आटलेल्या पाहिल्या, शेतांत खाणीचा गाळ उतरलेला पाहिला. याच गावांना मग कंपन्यांनी स्कूल बस दिल्या, पाण्याचे टँकर दिले, आरोग्य शिबिरे भरवली, वह्या वाटल्या. २००० साली खाण कंपन्यांनी एकत्र येऊन मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा स्थापन केले आणि खाणपट्ट्यातल्या गावांत शिक्षण, पाणी, शेती अशी कामे हाती घेतली. सेसा गोवा कंपनीने सांखळीला खोदून संपलेली खाण पुन्हा हिरवी केली आणि त्या परिसरात तंत्रशाळा चालवली; १९९९ साली फुटबॉल अकादमी काढली. त्या अकादमीत राहून, खाऊन, शिकून गोव्याची मुले मोठ्या क्लबांपर्यंत पोचली. खाणीच्या खड्ड्यावर झाडे आणि शेजारी मैदानात चेंडूमागे धावणारी पोरे, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते खोटे म्हणता येणार नाही. ज्यांनी आटलेली विहीर पाहिली आहे त्यांनाही खोटे ठरवता येणार नाही. यातले दान कोणते आणि देणे कोणते, हा हिशेब डिचोलीत कधी नीट मांडला गेलाच नाही.

आणि मग हिशेब मांडायला वेळही मिळाला नाही. शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये पुन्हा सारे ठप्प. ट्रक उभे राहिले, बार्ज गंजल्या.

योगायोग असा की याच काळात दिल्लीत दानाचा कायदा झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. शिक्षण, विशेष गरजा असलेल्यांची कौशल्ये, आरोग्य, ग्रामविकास हे विषय कायद्याच्या परिशिष्टातच दिले आहेत आणि कंपनी जिथे काम करते त्या भागाला आधी पाहावे असेही म्हटले आहे. शेटच्या मर्जीची जागा टक्केवारीने घेतली, हे चांगलेच झाले. पण टक्केवारी नफ्याची आहे. नफा शून्य, तर दोन टक्केही शून्य. गावाला मदतीची सर्वांत जास्त गरज असते ती धंदा बुडाल्यावर, आणि नेमके तेव्हाच कायदा गप्प बसतो.

त्याच २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली, तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. विकलेल्या खनिजाच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. नंतर २०१५ मध्ये खाण कायदा बदलून जिल्हा खनिज निधी आला. हे पैसे दान नव्हेत. डोंगर सर्वांचा होता, म्हणून त्यातला वाटा सर्वांचा. आमच्या मते गोव्याच्या शिक्षणाच्या इतिहासात मुष्टिफंडानंतरची ही सर्वांत महत्त्वाची कल्पना आहे; ती कागदावरून किती उतरली हे खाणपट्ट्यातल्या पंचायतींनी विचारत राहिले पाहिजे.

विशेष मुलांच्या शाळांत हा सारा वाद अगदी हातात धरता येईल इतका स्पष्ट होतो. पर्वरीचे संजय केंद्र, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीतली केशव सेवा साधनची शाळा, अशा ठिकाणी मुलांना बसमध्ये चढवण्यापासून चमचा धरायला शिकवण्यापर्यंत सगळे करावे लागते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला, तेव्हा हा विषय निदान रस्त्यावर आला. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका शाळेत एका कंपनीच्या भेटीच्या वेळी हजर होतो. नवीन खुर्च्या आल्या, फीत कापली, फोटो झाले. चहा घेताना मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या की खुर्च्या आधीही पुरेशा होत्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा पगार मात्र दोन महिने थकला आहे. त्यांची तक्रार कोणावर नव्हती. पगाराचा फोटो निघत नाही, एवढेच.

नियमही या बाजूने फारसे मदत करत नाहीत. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. इमारतीला हे पुरते. सहा वर्षांच्या ज्या मुलीला सोळाव्या वर्षी स्वतःची वेणी घालता यावी म्हणून कोणीतरी रोज शेजारी बसणार आहे, तिला हे पुरत नाही.

आता पाळी पेडण्याची. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. भाऊ दाजी ज्या तालुक्यातून शिकायला बाहेर पडले तिथे आता बाहेरची माणसे रोज हजारोंनी उतरतात. जीएमआर कंपनीचे वरलक्ष्मी फाउंडेशन आसपासच्या तरुणांना कौशल्ये शिकवते. प्रशिक्षणाने काहींना विमानतळावर नोकऱ्या मिळाल्या, काहींच्या काजूच्या बागा आणि कुळागरांची वाट गेली ती गेलीच. डिचोलीने ज्या चुका केल्या त्या पेडण्याला टाळता येतील, कारण इथला धंदा नुकता सुरू होतो आहे. दान कोणते आणि देणे कोणते याचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहून ठेवता येईल. डिचोलीतही २०२४ च्या एप्रिलपासून खाणीचे काम पुन्हा हलू लागले आहे; तिथलीही वही नव्याने उघडायला हरकत नाही.

मुष्टिफंडाची शाळा पणजीत आजही भरते, तिचे उच्च माध्यमिक कुजिऱ्याला आहे. तांदळाचा डबा अर्थातच केव्हाच बंद झाला.

मंडळाच्या जूनमधल्या सभेत यावर बराच वेळ बोलणे झाले. एकदाच मोठा धनादेश द्यावा असे काहींचे म्हणणे होते. शेवटी असे ठरले की एका विशेष शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मानधनाचा वाटा मंडळाने सलग पाच वर्षे, दर महिन्याला उचलायचा. शाळा कोणती हे दिवाळीनंतरच्या सभेत ठरेल. ज्या घरांना दरमहा पन्नास, शंभर, जमेल तेवढे द्यायचे आहे त्यांच्यासाठी मंडपात आरतीनंतर खजिनदारांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात रकमेचा रकाना आहे, महिन्याचा आहे. नावांची यादी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापली जाणार नाही.