नापासांसाठी नियमात ठेवलेली जागा

अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटच्या, म्हणजे रुग्णसेवेतल्या मदतनिसांच्या, प्रात्यक्षिक परीक्षेत घाम फुटतो तो अगदी साध्या कामांनी. हात धुणे, कवळी घासणे, एक हात लुळा पडलेल्या माणसाला सदरा घालणे, नाडी मोजणे. पलंगावर रुग्ण म्हणून अनेकदा दुसरा उमेदवारच झोपलेला असतो. परीक्षक नर्स कागदावर खुणा करत उभी राहते आणि मदतीचा चकार शब्द काढत नाही. घरात सासू-सासऱ्यांचे सगळे केलेली बाईसुद्धा इथे गडबडते. फेरपरीक्षेच्या आदल्या रात्री तर झोपेचे नाव नको.

१९८७ पर्यंत ही धास्ती देशव्यापी नव्हती, कारण देशभर सक्तीची अशी परीक्षाच नव्हती. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या आरोग्य विमा योजना आल्या, सरकारी पैसा वाहू लागला आणि वृद्धांची शुश्रूषागृहे फोफावली. तिथे अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे सारे मदतनीस बायकांच्या अंगावर. पण त्यांना आधी शिकवलेच पाहिजे, असा देशव्यापी नियम कुणी केला नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसने बिनपगारी स्वयंसेविकांना ८० तासांचे प्रशिक्षण दिले होते. पोटासाठी हेच काम करणाऱ्यांच्या वाट्याला तेवढेही नव्हते.

सत्तरच्या दशकात सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने शुश्रूषागृहांची दुरवस्था चव्हाट्यावर आणली. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुधारणांचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात अध्यक्ष रेगन यांनी अर्थसंकल्पाच्या जाडजूड कायद्यावर सही केली. त्याच्या पोटातच या सुधारणा होत्या. किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, मग लेखी किंवा तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक.

या कायद्याखालच्या नियमांत नापासांचाही विचार आहे, आणि तो फार कमी उमेदवारांना ठाऊक असावा. कुठे चुकले ते उमेदवाराला कळवलेच पाहिजे. राज्याला प्रयत्नांवर मर्यादा घालता येते, पण ती तीनपेक्षा कमी नसावी. म्हणजे दुसऱ्यांदा बसणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

मग माणसे चुकतात कुठे? हात कोपरापेक्षा खाली ठेवून निदान वीस सेकंद साबण चोळायचा, नखे साफ करायची आणि नळ बंद करायचा तो कागदी रुमालाने. धुतलेला हात बेसिनच्या आतल्या बाजूला लागला, की पुन्हा पहिल्यापासून. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. अनेक राज्यांत परीक्षकाच्या आकड्यापेक्षा चारहून जास्त ठोक्यांचा फरक चालत नाही. शिवाय आत येताना दार वाजवणे, काय करणार ते सांगणे, पडदा ओढणे, निघताना पलंग खाली करून घंटेचे बटण रुग्णाच्या हाताशी ठेवणे. घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. उमेदवारांना ही निव्वळ कटकट वाटते खरी, पण पडद्यामागे आहे तो १९८७ च्या त्याच कायद्याने वृद्धांना दिलेला खासगीपणाचा हक्क.

म्हणून फेरपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षिका पाठांतरावर भर देत नाहीत. नवऱ्याला नाहीतर मैत्रिणीला पलंगावर झोपवा, प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करा, हाताला वळण पडू द्या, असे त्या सांगतात. अनेक राज्यांत आणखी एक सोय असते: त्या कामाची वेळ संपण्याआधी चूक लक्षात आली, तर तसे सांगून ती पायरी दुरुस्त करता येते. भीतीने जीभ टाळ्याला चिकटलेले उमेदवार ही सोय वापरतच नाहीत.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे केंद्र सरकारने प्रशिक्षण आणि परीक्षेची अट तात्पुरती शिथिल केली, आणि हजारो मदतनीस परीक्षेविनाच वॉर्डांत उतरले. २०२२ मध्ये ही सरसकट सवलत संपली. खऱ्याखुऱ्या रुग्णांना महिनोन्‌महिने न्हाऊ-खाऊ घातलेल्या त्या माणसांना मग परीक्षकासमोर उभे राहून वीस सेकंद हात धुऊन दाखवावे लागले.