यमकाचे यंत्र आणि राशोलचा पाद्री

चवथीसाठी घुमट आरत्या रचणाऱ्या एका तरुणाने परवा मला विचारले, यमके शोधून देणारे सॉफ्टवेअर घ्यायचे तर कसले घ्यावे? विचारताना तो थोडा ओशाळला होता. ओशाळण्यासारखे त्यात काही नाही. स्टीफन सॉन्डहाइमसारखा नामांकित गीतकारदेखील क्लेमेंट वुडचा यमककोश जवळ ठेवीत असे.

ही युक्ती संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. १५७० मध्ये लंडनला पीटर लेविन्सचा एक कोश छापला गेला. त्यात शब्द पहिल्या अक्षरावरून न लावता शेवटावरून लावले होते. १७७५ मध्ये जॉन वॉकरनेही तसाच कोश केला. पण नुसत्या अक्षरांवर भिस्त ठेवली की फसगत होते. इंग्रजीत 'कॉफ' म्हणजे खोकला आणि 'दो' म्हणजे तरी, या दोन शब्दांची शेवटची चार अक्षरे एकच. यमक मात्र जुळत नाही. पुढे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १,३०,००० हून अधिक शब्दांचा उच्चारकोश संगणकासाठी तयार केला, तेव्हा यंत्राला ध्वनीवरून यमक जुळवता येऊ लागले.

आपण म्हणतो, मराठी लिहितो तशीच बोलतो. मग 'त्याची वाचा बसली' आणि 'हे पुस्तक वाचा' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. अक्षरे तीच, 'च' निराळा. दुसरी गोष्ट, इंग्रजीत यमकांची टंचाई, तर आपल्याकडे सुकाळ. केले, गेले, नेले; घराला, दाराला. प्रत्ययाच्या जोरावर यंत्र हजार शब्द ओतील, त्यांतले गाण्याजोगे थोडेच.

इथे मला आपल्या राशोलचे फादर स्टीफन्स आठवतात. लेविन्सचा कोश निघाला तेव्हा ते इंग्लंडमध्ये विशीतले तरुण होते. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि प्रत्येक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले! म्हणजे तीस हजारांवर यमकाच्या जागा, त्याही परक्या भाषेत. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. लिपी परकी असूनही ओवी मराठीच राहिली, कारण ती या मातीत कानाने शिकलेली होती.

म्हणून त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: पैसे मोजण्याआधी त्या यंत्रात 'वाचा' हा शब्द घालून बघ. दोन्ही 'च' ते वेगळे ओळखते का? नुसत्या प्रत्ययाची यमके गाळता येतात का? येत असतील तर खुशाल घे. मात्र त्याने दिलेला शब्द घुमटावर म्हटल्याशिवाय वहीत उतरवू नकोस.