स्ट्रेप्टोमायसिन कुणाला द्यायचं?

१९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन फार थोडं होतं. अमेरिकेकडून घ्यायला डॉलर पुरत नव्हते. क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या हमखास जीवघेण्या प्रकारांसाठी ते आधी राखलं. उरलेलं फुप्फुसाच्या क्षयाच्या कुठल्या रुग्णांना? ब्रॅडफर्ड हिल यांनी निवड डॉक्टरांवर न सोडता यादृच्छिक क्रमाचे बंद लिफाफे वापरले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. ६ महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४.

सगळ्यांना पुरेल एवढं औषधच नव्हतं, म्हणून ही तुलना करता आली. इथवर पटतं. पण आपण प्रयोगात आहोत, हे त्या ५२ जणांना सांगितलंच नव्हतं. टंचाईमुळे औषध न देणं समजू शकतं, न सांगणं नाही. प्रस्तावात कंट्रोल ग्रुप लिहिताना हा फरक लक्षात ठेवा.