वजन घटवण्याच्या आहारातील पीनट बटर

पीनट बटर म्हणजे भाजलेले शेंगदाणे बारीक वाटून तयार केलेला घट्ट व स्निग्ध खाद्यपदार्थ होय. नावात ‘बटर’ असले तरी त्यात दुधापासून केलेले लोणी नसते. शरीरातील अतिरिक्त मेद कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मर्यादित आहारात या पदार्थाचा समावेश अनेकदा केला जातो. पीनट बटर स्वतः मेद घटवत नाही. त्याची उपयुक्तता खाल्लेल्या प्रमाणावर आणि ते कशाच्या जागी खाल्ले जाते यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

शेंगदाण्याच्या लगद्यासाठी कॅनडातील मार्सेलस गिलमोर एडसन यांना १८८४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. अमेरिकेतील नियमानुसार पीनट बटर म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान ९० टक्के शेंगदाणे असावे लागतात. महाराष्ट्रात शेंगदाणे प्रामुख्याने कूट, चटणी व लाडू या स्वरूपात खाल्ले जातात. कूट आणि साखर न घातलेले पीनट बटर यांच्या पोषणमूल्यांत फारसा फरक नसतो.

पोषणमूल्ये

१०० ग्रॅम पीनट बटरमध्ये सुमारे ५९० किलोकॅलरी ऊर्जा, ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २२ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम कर्बोदके आणि ५ ते ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. दोन मोठ्या चमच्यांतून (सुमारे ३२ ग्रॅम) साधारण १९० किलोकॅलरी मिळतात. एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येते. त्यांतील बहुतांश स्निग्धांश असंपृक्त असतो.

पीनट बटर ‘प्रथिनयुक्त’ म्हणून ओळखले जात असले तरी केवळ त्यातून २० ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी सुमारे ९० ग्रॅम पीनट बटर, म्हणजेच ५०० हून अधिक किलोकॅलरी घ्याव्या लागतात. शिवाय शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाचे प्रमाण कमी असते. त्यामुळे डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांना ते पूर्ण पर्याय ठरत नाही.

ऊर्जेचा समतोल

खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा आहारातून मिळणारी ऊर्जा कमी असल्यास शरीर साठवलेला मेद वापरते. दिवसाला ५०० किलोकॅलरींची तूट ठेवणाऱ्या व्यक्तीने मोजणीत न धरलेले दोन चमचे पीनट बटर खाल्ल्यास त्या तुटीचा सुमारे ३८ टक्के भाग भरून निघतो. चमचा शिगोशीग भरल्यास प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षा बरेच अधिक भरते. म्हणून ते वजनकाट्यावर मोजून घेणे अधिक अचूक ठरते.

शेंगदाणे वाटल्याने त्यांच्या पेशीभित्तिका फुटतात आणि तेल सहज पचते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अख्ख्या शेंगदाण्यांतील स्निग्धांश पीनट बटरच्या तुलनेत अधिक प्रमाणात न पचता शरीराबाहेर पडल्याचे आढळले.

संशोधन

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लठ्ठपणा असलेल्या १५ स्त्रियांना न्याहारीसोबत शेंगदाणे किंवा पीनट बटर देण्यात आले. पीनट बटर घेतल्यावर त्यांची खाण्याची इच्छा कमी झाली. मात्र ही चाचणी लहान होती आणि तीत वजनातील दीर्घकालीन बदल तपासलेला नव्हता.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील १८ महिन्यांच्या अभ्यासात १०१ व्यक्तींचा समावेश होता. शेंगदाणे व पीनट बटर यांसारखे पदार्थ असलेला मध्यम स्निग्धांशाचा आहार कमी स्निग्धांशाच्या आहारापेक्षा अधिक लोकांनी टिकवून धरला. त्या गटाचे वजनही अधिक घटले. दोन्ही आहार संपूर्णपणे वेगळे असल्याने हा परिणाम केवळ पीनट बटरचा मानता येत नाही.

प्रकार

बाजारातील काही उत्पादनांत साखर, मीठ आणि तेल वेगळे होऊ नये म्हणून हायड्रोजनीकृत तेल मिसळलेले असते. केवळ शेंगदाण्यांपासून केलेल्या प्रकारात तेल वर तरंगते, त्यामुळे तो ढवळून वापरावा लागतो. ‘कमी स्निग्धांश’ असलेल्या उत्पादनांत अनेकदा साखर किंवा पिठूळ घटक वाढवलेले असतात, त्यामुळे त्यांची ऊर्जा फारशी कमी होत नाही. तेल काढून टाकलेल्या भुकटीत मात्र ऊर्जा लक्षणीय कमी असते.

दक्षता

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना अल्प प्रमाणातील पीनट बटरही जीवघेणे ठरू शकते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत यकृतास घातक असे अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते.

हे सुद्धा पहा

भुईमूग
लठ्ठपणा
कॅलरी