चावीपासून सात-बारापर्यंत : घरखरेदीची शंभर वर्षे

आपल्या सोसायटीला यंदा २५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत घरखरेदीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले. विषय तसा सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा. आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी कुठली केली, तर ती या चार भिंतींची.

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपली जुनी माणसं म्हणत. पण मुंबई आणि आसपासच्या मध्यमवर्गीयाने घर बांधलं कधी? त्याने ते भाड्याने घेतलं, पागडीने घेतलं, नाहीतर बिल्डरकडून विकत घेतलं. दुसऱ्याने बांधलेलं घर आपलं करून घेण्याचा हा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट वाचला तर एक गोष्ट दर वेळी दिसते. घेणाऱ्याच्या हातात घर येतं, पण त्याबरोबर काहीतरी राहून जातं. जे राहिलं ते मिळवायला पुढची वीस-तीस वर्षं जातात.

खोली आणि चाळ

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत माणसं मेली, अर्धं शहर गावी पळालं. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नवे रस्ते काढले, दादर-माटुंगा भागात आखीव वसाहतींसाठी प्लॉट पाडले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. याच त्या बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. अशा एका खोलीत एक कुटुंब, गावाकडून आलेला पुतण्या आणि खाणावळीसारखे जेवायला असणारे दोघे-तिघे, असा संसार चालायचा.

त्या काळच्या नोकरदाराने घर ‘विकत’ घेण्याचा विचारच केला नव्हता. पगारदार माणूस बिऱ्हाड करायचा. भाडं वेळेवर द्यायचं आणि मालकाशी भांडायचं नाही, एवढंच.

सहकाराची पहिली वीट

याला वेगळं वळण दिलं ते गावदेवीतल्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटीने. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली ही सोसायटी स्थापन झाली. तालमकींनी त्याआधी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. ‘बँक एकमेकांच्या पैशाने चालते, मग घर का नाही?’ असा हा सरळ विचार होता. जमीन आणि इमारत सोसायटीची, राहणारा सभासद. एकट्याला न परवडणारी गोष्ट पंधरा-वीस कुटुंबांनी मिळून करायची.

आज आपण सोसायटी म्हटलं की मेंटेनन्स, पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं एवढंच डोळ्यासमोर आणतो. पण मूळ कल्पनेत जमिनीची मालकी हाच सोसायटीचा प्राण होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पागडीचं राज्य

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली आणि भाडी भडकली. भाडेकरूला संरक्षण द्यायला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. हेतू चांगला होता आणि हजारो कुटुंबं त्यामुळे बेघर होण्यापासून वाचली, हेही खरं. पण पुढे पंचवीस-तीस रुपये भाड्याची खोली तशीच राहिली आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च शंभरपट झाला. मालकाने दुरुस्ती सोडली. जिने खचले, सज्जे पडले. शेवटी १९६९ मध्ये सरकारला इमारत दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्याचबरोबर ‘पागडी’ आली. भाड्याची जागा रिकामी झाली की नव्या भाडेकरूने मालकाला आणि जुन्या भाडेकरूला एकरकमी रोख पैसे द्यायचे. पावती मिळायची फक्त भाड्याची. कायद्याने पागडी गुन्हा होती, व्यवहारात ती सर्रास होती. बायकोचे दागिने मोडून पागडी भरलेल्या माणसाकडे कागद काय, तर भाडेपावती! ही पागडी कायदेशीर व्हायला १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा उजाडावा लागला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

‘ओनरशिप’चं नवल

भाडं गोठल्यामुळे भाड्यासाठी इमारती बांधणं परवडेना. मग बिल्डर लोकांनी ब्लॉक विकायला सुरुवात केली. ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द साठच्या दशकात कौतुकाने उच्चारला जाई. पण फसवणूकही तितकीच. एकच ब्लॉक दोघांना विकणं, नकाशात नसलेला मजला विकणं, पैसे घेऊन काम थांबवणं, असे प्रकार व्हायला लागले. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, जमिनीची कागदपत्रं दाखवायची, सोसायटी स्थापन करून द्यायची, असे नियम आले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची. यालाच अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेत ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात.

कायदा कागदावर उत्तम. पण जमीन आपल्या नावावर ठेवली तर उद्या वाढीव बांधकामाचा हक्क आपल्याकडे राहतो, हे बिल्डर मंडळींच्या लवकरच लक्षात आलं. फ्लॅटची चावी मिळाली की घेणारा खूश. तो पेढे वाटतो, वास्तुशांत करतो. जमिनीचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे हे विचारायला त्याला सवड कुठे असते?

हप्त्याचं युग

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तर होताच. ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज, पीएफमधली उचल, सरकारी नोकर असेल तर घरबांधणी अग्रीम, आणि बाकी सासुरवाडी! १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि साध्या पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज मिळण्याचा रस्ता उघडला. त्याच वर्षी म्हाडा अस्तित्वात आली, आणि सोडतीत नंबर लागणं हे मध्यमवर्गाचं नवं देवदर्शन झालं. त्याआधी १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको खाडीपलीकडे नवी मुंबई उभी करत होती.

मात्र १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने उलटा परिणाम केला. मुंबईत ५०० चौरस मीटरवरची रिकामी जमीन सरकारजमा करून गरिबांना घरं द्यायची होती. प्रत्यक्षात बरीच जमीन कोर्टकज्ज्यात आणि सवलतींच्या फायलींमध्ये अडकली. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला. दरम्यान घर शोधणारा माणूस लोकलच्या एकेका स्टेशनने लांब गेला. गिरगाव-परळचा माणूस मुलुंड-ठाण्याला, तिथून डोंबिवली, कल्याण, बदलापूर. आपण सगळे याच गाडीचे प्रवासी.

आपली पिढी

आपल्यापैकी बहुतेकांनी फ्लॅट बुक केला तो १९९६ ते १९९९ या काळात. भाव १९९२ नंतर झपाट्याने चढले आणि १९९५ च्या सुमारास कळस गाठून उतरायला लागले. ज्यांनी शिखरावर घेतला त्यांना पुढे सात-आठ वर्षं तेवढाही भाव आला नाही. ज्यांनी उतारावर घेतला त्यांना वाटत राहिलं की अजून थांबलो असतो तर बरं. भाव चढताना घाई आणि उतरताना चुटपुट, यातून कोणीच सुटला नाही.

व्याजाचंही तसंच. नव्वदच्या दशकात गृहकर्ज १५ टक्क्यांच्या आसपास होतं. २००३-०४ पर्यंत ते आठच्याही खाली आलं. हिशेब करून पाहा. एक लाखाचं कर्ज पंधरा वर्षांसाठी १५ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १,४०० रुपये, आणि एकूण व्याज दीड लाखावर. तेच ८ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ९५६ रुपये, एकूण व्याज ७२ हजार. शिवाय त्या वेळी बऱ्याच ठिकाणी वर्षभर भरलेली मुद्दल वर्षअखेरीलाच वजा धरत, म्हणजे प्रत्यक्षात आणखी महाग. इमारत पुरी होईपर्यंत प्री-ईएमआय आणि जुन्या जागेचं भाडं अशी दुहेरी कात्री. १९९९ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत ३० हजारांवरून ७५ हजारांवर गेली, ती २००१ मध्ये दीड लाख झाली. तेवढाच काय तो दिलासा.

या आकड्यांमागे काय होतं ते आपल्या घरच्या बायकांना विचारा. कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी पोळ्या-मसाल्याच्या ऑर्डरी घेतल्या, कोणी बांगड्या बँकेत ठेवल्या. करारावर सही नवऱ्याची असली तरी हप्ता दोघांनी फेडलेला आहे.

कायदा मागून येतो

गेल्या वीस वर्षांत घेणाऱ्याच्या बाजूने बरंच घडलं. २००८ मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ आलं. २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टखालचं किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येणार नाही. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं. आता कार्पेट एरियावरच विक्री करायची, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के हिस्सा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा, करार नोंदल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करून द्यायचे. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लॉबीचे फूट मोजून घेतलेल्या आपल्या पिढीला हे ऐकून हेवा वाटतो.

तरीही डोळे मिटून चालत नाही. आपल्याच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यात राहणाऱ्या कुटुंबांनी कर्ज काढलं होतं, स्टॅम्प ड्युटी भरली होती, रजिस्ट्रेशन केलं होतं. त्यांच्या मनाची अवस्था आपण ओळखू शकतो. म्हणून आपल्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना घर घेताना एवढंच सांगा : महारेराचा नंबर पाहिला की थांबू नका, बांधकाम परवानगी खुद्द महापालिकेत जाऊन पडताळा आणि जमिनीचा सात-बारा वकिलाला दाखवा.

आता आपलं राहिलेलं काम

आणि हे मुलांना सांगण्याआधी आपण आपल्याकडे पाहायला हवं. आपल्या इमारतीच्या जमिनीचं अभिहस्तांतरण अजून झालेलं नाही, हे वार्षिक सभेला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २५ वर्षं आपण कर भरतो, रंग काढतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतो, पण जमीन कागदोपत्री दुसऱ्याची आहे. दर सभेत विषय निघतो, खर्च कोणी करायचा यावर गाडी अडते आणि चहा येतो.

आजवर चाललं, यापुढे चालणार नाही. इमारतीचं वय वाढतं आहे. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. उद्या पुनर्विकासाचा विषय येणारच. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात आता ५०० फुटांचं घर मिळतं आहे, पण तिथे जमीन सरकारची आणि योजनाही सरकारची. आपल्यासाठी सरकार येणार नाही. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर वाटाघाटीच्या टेबलावर आपल्याआधी जुना जमीनमालक आणि विकासक बसतील.

मानीव अभिहस्तांतरणाचं काम किचकट आहे, पण अशक्य नाही. सगळ्या सभासदांच्या नोंदणीकृत करारांच्या प्रती आणि इंडेक्स-टू, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आर्किटेक्टचा दाखला आणि विकासकाला पाठवलेली वकिली नोटीस, एवढा संच घेऊन जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. कायद्याने सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. आदेश मिळाला की दस्त नोंदवायचा आणि सात-बारावर सोसायटीच्या नावाचा फेरफार करून घ्यायचा. फेरफार झाल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नये.

यात सगळ्यात जास्त अडतं ते जुन्या करारांच्या प्रतींवर. काही सभासदांनी फ्लॅट विकले, काहींच्या फायली लॉफ्टवर आहेत, काहींच्या मूळ प्रती बँकेतून सोडवूनच आणलेल्या नाहीत. तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येकाने आपली फाइल शोधावी आणि करार व इंडेक्स-टूची झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात आणून द्यावी. मूळ प्रत मात्र कोणाच्याही हाती देऊ नये.

१९१५ साली गावदेवीत ज्या मंडळींनी एकत्र येऊन घरं केली, त्यांनी जमिनीपासून सुरुवात केली होती. आपण चावीपासून केली. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत जो कोणी हा इतिहास पुढे लिहील, त्याला जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचं वर्ष लिहिता यावं, एवढीच इच्छा.

सर्व सभासद, त्यांचे कुटुंबीय आणि इथे लहानाची मोठी झालेली मुलं यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!