मोटारीचे बाह्य प्लॅस्टिक : झीज आणि बदली

मोटारीचे बाह्य प्लॅस्टिक : बंपर, पुढची जाळी, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कवचे, वायपरखालचे काउल, काचेलगतचे बीडिंग आणि दिव्यांची झाकणे या पत्र्याबाहेरच्या भागांना मिळून दिलेले नाव. प्रस्तुत नोंद जुन्या वेगवान गाड्यांवरील या भागांची झीज, दुरुस्ती व बदली यांविषयी आहे. भारतीय रस्त्यांवर अशा गाड्या म्हणजे 2001 ची फियाट पॅलियो 1.6 जीटीएक्स, होंडा सिटी 1.5 व्हीटेक, फोर्ड आयकॉन 1.6, मित्सुबिशी लान्सर, 2004 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. यांतली पॅलियो मुंबईच्या कुर्ल्यात बांधली जाई आणि ऑक्टाव्हिया तेव्हाच्या औरंगाबादेत. वीस-बावीस वर्षांनी यांचे इंजिन उघडून नव्याने बांधता येते, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो. प्लॅस्टिक मात्र एकदा पांढरट पडून तडकू लागले की त्याला मूळ ताकद परत देता येत नाही. म्हणून आज या गाड्यांचे आयुष्य पुष्कळदा इंजिनापेक्षा जाळी आणि बंपर यांवर ठरते.

द्रव्ये : पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी 1954 मध्ये स्फटिकरूपात घडवले, त्यांना व कार्ल त्सीग्लर यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेनो 5 या 1972 च्या छोट्या फ्रेंच गाडीने धातूचा बंपर सोडून प्लॅस्टिकचा घेतला आणि पुढे सारे जग त्या वाटेने गेले. आजचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळून केलेला असतो, त्यामुळे तो हलक्या धक्क्याने वाकतो आणि परत येतो. जाळी व आरशांची कवचे बहुतेक एबीएसची, पुढच्या दिव्यांची झाकणे पॉलिकार्बोनेटची, मागच्या दिव्यांची अॅक्रिलिकची, तर दाराभोवतीचे रबर ईपीडीएमचे. एकाच गाडीवर अशी पाच-सहा निरनिराळी द्रव्ये असतात आणि प्रत्येक द्रव्य निराळ्या रीतीने म्हातारे होते. एकाचा उपाय दुसऱ्याला लावल्याने बिघडलेल्या गाड्यांची संख्या मोठी आहे.

झीज : मुख्य शत्रू सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. जमिनीवर पोहोचणाऱ्या या किरणांची तरंगलांबी साधारण 290 ते 400 नॅनोमीटर असते. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळीतले दुबळे बंध ते तोडतात, तुटलेल्या टोकाला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी आणखी तुटत जाते. पृष्ठभागाचा पातळ थर ठिसूळ होतो, त्याला बारीक भेगा पडतात व त्या भेगांत प्रकाश विखुरल्याने काळा बंपर राखाडी दिसू लागतो. बोट फिरवल्यावर हाताला लागणारी खडूसारखी भुकटी ही मळ नसून तुटलेले प्लॅस्टिकच असते. कारखान्यात मिसळलेली काजळी किरण शोषते आणि स्थिरक रसायने साखळीची तूट थोपवतात, पण ही स्थिरके वर्षागणिक खर्च होतात. एबीएसमध्ये आधी त्यातले ब्युटाडाइन रबर जाते, म्हणून जुनी जाळी काढताना तिचे आकडे कटकन मोडतात. पॉलिकार्बोनेट पिवळे पडते.

शिरगावचे ऊन आणि धूळ : या झिजेचे एक उदाहरण गोव्यातले. डिचोली तालुक्यातील शिरगाव लईराई देवीच्या जत्रेसाठी आणि लोहखनिजासाठी ओळखले जाते. गाव सुमारे 15.6 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. वैशाख शुद्ध पंचमीची जत्राही याच सुमारास भरते. त्या दिवसांत उघड्यावर उभ्या गाडीचा काळा बंपर हात लावू देत नाही. पुढे जूनपासून गोव्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो भुकटी धुऊन नेतो आणि खालचा कोरा थर पुढच्या उन्हासाठी उघडा पाडतो. काचेलगतच्या रबरात शेवाळ धरते ते निराळेच.

दुसरा भाग धुळीचा, म्हणजे खाणींचा. 2012 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि डिसेंबर 2022 च्या लिलावात शिरगाव-मये हा पट्टाही होता. खनिजाच्या वाटेवरची तांबडी धूळ बहुतांशी लोहाच्या ऑक्साइडची असते. त्यातील हेमॅटाइटची कठिणता मोह्स मोजपट्टीवर साधारण 5 ते 6. कोणत्याही बंपरहून ते कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे बंपरवर पॉलिश कागद फिरवणे. आधी भरपूर पाणी सोडून ती वाहू द्यावी, मगच साबणाचा हात फिरवावा. गोव्यातल्याच पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे-हरमलकडे, धुळीऐवजी खारे वारे असतात. मीठ प्लॅस्टिकला फारसे काही करत नाही. ते त्यामागचे लोखंडी स्क्रू आणि क्लिप खाते. पट्टी धडधाकट असूनही दारावरून सुटते, ती या गंजामुळे.

ओळख : दुरुस्तीआधी भाग काढून त्याची मागची बाजू पाहावी. बहुतेक भागांवर कोनाकार कंसांत द्रव्याची इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली असतात. छाप झिजला असेल तर मागच्या, न दिसणाऱ्या जागी अॅसिटोनचा एक थेंब टाकतात: एबीएस चिकट होते, पॉलिप्रॉपिलीन तसेच राहते. हा प्रयोग दिव्यांवर कधीही करू नये, पॉलिकार्बोनेट त्याने तडकते. भर न घातलेले पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते, एबीएस बुडते. पण शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, म्हणून या एका खुणेवर विसंबू नये.

उजाळा : गराजांत सर्वाधिक प्रिय उपाय हीट गनचा. गरम झोताने वरचा थर किंचित वितळतो, भेगा मिटतात आणि बंपर पुन्हा काळा दिसतो. पण संपलेली स्थिरके त्याने परत येत नाहीत. काही महिन्यांत राखाडी रंग परततो आणि दर खेपेला थर आणखी अशक्त होतो. सिलिकॉनचे चकाकी देणारे द्रव पहिल्या जोरदार पावसापर्यंत टिकतात. डिझेल किंवा रॉकेलचे फडके फिरवण्याची जुनी सवय सर्वांत घातक आहे: ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते, मऊ पडते आणि दाराची सील कायमची जाते. टिकाऊ मार्ग म्हणजे भाग धुऊन, भुकटी पूर्ण काढून, अतिनील रोधक असलेला रंगद्रव्ययुक्त लेप देणे. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहजी धरत नाही, म्हणून रंगाखाली प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर हवाच. तो चुकवला की रंग सालीसारखा उतरतो. दिव्यांची झाकणे घासून स्वच्छ केल्यावर नवा रोधक थर दिला नाही, तर ती पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडतात, कारण घासताना कारखान्याचा कठीण लेपही निघून गेलेला असतो.

जोडणी : तडकलेले पॉलिप्रॉपिलीन त्याच द्रव्याच्या कांडीने गरम वेल्डिंग करून जोडतात. एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या एबीएसच्या लगद्याने एकजीव होतात. साधा झटपट गोंद पॉलिप्रॉपिलीनवर टिकत नाही.

बदली : कंपनीचा नवा भाग मिळाला तर तो घ्यावा, पण वाट अरुंद होत चालली आहे. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातील विक्री थांबवली, फियाटच्या गाड्यांची विक्री 2019 मध्ये संपली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतील दुकाने, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीचे मायापुरी येथे शोध सुरू होतो. स्क्रॅपमधला भाग घेताना रंगाकडे पाहू नये, रंग नव्याने देता येतो. आकडे, स्क्रूंची भोके आणि मागचे कोपरे शाबूत आहेत का ते पाहावे. सावलीत पडून राहिलेला ओरखड्यांचा बंपर उन्हात राहिलेल्या चकचकीत बंपरपेक्षा मोलाचा. ‘लोकल माल’ स्वस्त असतो. त्यात पुनर्वापराचे प्लॅस्टिक अधिक आणि स्थिरके कमी असली तर दोन-तीन उन्हाळ्यांत तो मूळ भागाहून वाईट दिसू लागतो.

भाग कुठेच मिळेना तर फायबरचा बंपर हा गोव्यात हाताशी असलेला मार्ग आहे. येथील मच्छीमारांच्या कित्येक होड्या आता फायबरच्या आहेत, त्यामुळे साचा घेऊन काचतंतू आणि राळ यांचे थर देणारे हात सापडतात. मूळ बंपर कितीही फुटका असला तरी साच्यासाठी तो लागतोच, म्हणून तो भंगारात टाकू नये. फायबर मात्र वाकत नाही, हलक्या धक्क्यानेही तडकते. म्हणून बंपरमागचा धक्का शोषणारा फोम व लोखंडी पट्टी जागच्या जागी ठेवली पाहिजे. छोट्या झाकण्या आणि क्लिप त्रिमितीय मुद्रणाने करता येतात. त्यासाठी एएसए हे द्रव्य योग्य. एबीएसमधल्या नाजूक ब्युटाडाइनऐवजी त्यात अॅक्रिलेट रबर असते. सर्रास वापरले जाणारे पीएलए साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि शिरगावच्या मे महिन्यात काळ्या पट्टीच्या जागी ते तग धरत नाही.

कायदा व जतन : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले. मूळ घाटाचा बंपर बसवणे ही दुरुस्ती, रुंद बॉडीकिट हा बदल. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. 2001 ची पॅलियो 2051 मध्ये त्या उंबरठ्यावर येईल, आणि तोवर तिचे मूळ रूप जपण्याची जबाबदारी आजच्या मालकांवर आहे.

त्यासाठी गाडी छपराखाली किंवा झावळ्यांच्या माटवात ठेवतात. आंब्याखालची सावली टाळतात, कारण चिकाचे डाग प्लॅस्टिकवरून निघत नाहीत. हवा न खेळणारे आच्छादन पावसाळ्यात ओल कोंडते, म्हणून तेही वापरत नाहीत. जमवून ठेवलेले सुटे बंपर तापत्या पत्र्याच्या माळ्यावर न ठेवता अंधाऱ्या, कोरड्या खोलीत, वर ओझे न टाकता, गाडीवर बसतात त्याच आकारात आधार देऊन ठेवावेत. दाबून ठेवलेला बंपर एका पावसाळ्यात वाकडा होतो आणि मग दिव्यांशी त्याची फट जुळत नाही.